'सेन्सर शॉर्ट झालाय' म्हणायचं की 'वायर तुटलीय'?

प्रश्न असा आहे की एक्स्कॅव्हेटर, लोडर असल्या मशीनचा सर्व्हिस रिपोर्ट मराठीत लिहायचाय, आणि सेन्सरचा कुठलाही इलेक्ट्रिकल फॉल्ट आला की सगळे 'सेन्सर शॉर्ट झालाय' म्हणून मोकळे होतात, तर ते बरोबर आहे का, आणि ओपन सर्किटला 'उघडी वायर' लिहिलं तर चालेल का.

उघडी वायर अजिबात लिहू नका. मराठीत उघडी वायर म्हणजे वरचं कव्हर सोललेली, आतलं तांबं दिसतंय अशी वायर, आणि अशी वायर बॉडीला लागली की शॉर्ट होतो. म्हणजे तुम्हाला सांगायचंय की सर्किट तुटलंय आणि वाचणारा शोधत बसणार की कुठे घासून शॉर्ट होतंय, बरोबर उलटा फॉल्ट. पुस्तकातला 'खुला परिपथ' पण मला इथे नको वाटतो, कारण रस्ता खुला आहे म्हटलं की आपल्या डोक्यात येतं जायला वाट मोकळी आहे, आणि इथे तर करंटची वाट बंद झालेली असते. नुसतं 'ओपन' लिहिलं तर मेकॅनिकला कळतं, पण मराठी क्रियापदच हवं असेल तर 'तुटणे' आणि 'सुटणे' ही जोडी घ्या, ती जास्त नेमकी आहे. वायर आतून तुटली, पिन कनेक्टरमधून सुटली. दोन्ही ओपनच, पण दुरुस्ती वेगळी, आणि ओपन या एका शब्दात हा फरक दिसत नाही.

आता शॉर्ट. हा शब्द चुकीचा नाही, फक्त तो अर्धा बोलला जातो. शॉर्ट नेहमी कशाला तरी होतो, त्यामुळे वाक्यात '-ला' आलाच पाहिजे. सिग्नलची वायर बॉडीला शॉर्ट, सिग्नल सप्लायला शॉर्ट, सिग्नल शेजारच्या वायरीला शॉर्ट, या तिन्हींत मीटरवर वेगवेगळं दिसतं. वर्कशॉपमध्ये 'वायर बॉडीला लागतेय' म्हणतात ते मला फार आवडतं, कारण 'लागणे' हे क्रियापद स्वतःच विचारतं की कशाला लागतेय, आणि 'लागतेय' मध्ये हेही येतं की कायमची चिकटलेली नाही, बूम (मशीनचा मोठा हात) वर गेला किंवा इंजिन हललं की लागते. नुसतं 'शॉर्ट झालाय' ऐकून पुढचा माणूस काय तपासणार, सेन्सरच बदलणार ना.

खरा गोंधळ मात्र मशीनवर दिसणाऱ्या फॉल्ट कोडमुळे होतो. जे१९३९ (अवजड गाड्या आणि मशीनसाठीचं स्टँडर्ड) पद्धतीच्या कोडमध्ये दोन नंबर असतात, एसपीएन सांगतो कुठलं माप (११० म्हणजे कूलंटचं टेंपरेचर, १०० म्हणजे इंजिन ऑइलचं प्रेशर) आणि एफएमआय सांगतो काय बिघडलंय. एफएमआय ३ चा अर्थ व्होल्टेज नॉर्मलपेक्षा जास्त किंवा वरच्या बाजूला (सप्लायला) शॉर्ट, ४ म्हणजे व्होल्टेज कमी किंवा खालच्या बाजूला (बॉडीला) शॉर्ट, ५ म्हणजे करंट कमी किंवा ओपन. आता ११० आणि ३ आला की लोक रिपोर्टात 'सेन्सर शॉर्ट' लिहितात कारण कोडच्या वर्णनातच शॉर्ट हा शब्द आहे. पण बघा, टेंपरेचर सेन्सर बहुतेक वेळा दोन वायरींचा असतो, ईसीएम (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर) आपल्या आतल्या रेझिस्टन्समधून ५ व्होल्ट देतो आणि सेन्सर गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होऊन ते व्होल्टेज खाली येतं. वायर तुटली किंवा कनेक्टर सुटला तर खाली ओढणारं कोणीच उरत नाही, सिग्नलवर जवळजवळ पूर्ण ५ व्होल्ट दिसतात, आणि ईसीएम म्हणतो व्होल्टेज जास्त. म्हणजे कोडच्या वर्णनात शॉर्ट आणि प्रत्यक्षात वायर तुटलेली! म्हणून कोडची भाषा रिपोर्टात जशीच्या तशी उतरवू नये. कोड व्होल्टेजबद्दल बोलतो, ते का वाढलं हे मीटर लावून आपण ठरवायचं.

ठरवायची रीत पण सोपी आहे. अशा दोन वायरींच्या सेन्सरचा कनेक्टर काढा आणि हार्नेसच्या (मशीनच्या वायरींच्या जुडग्याच्या) बाजूच्या दोन पिना छोट्या जंपरने (वायरीच्या तुकड्याने) जोडा. कोड ३ चा ४ झाला तर ईसीएमपासून कनेक्टरपर्यंतची वायरिंग ठीक आहे, आता संशय सेन्सरवर किंवा त्याच्या पिनांवर. जंपर लावूनही ३ च राहिला तर बिघाड मागे हार्नेसमध्ये किंवा ईसीएमकडे आहे. प्रेशरच्या तीन वायरींच्या सेन्सरवर मात्र असा जंपर आंधळेपणाने लावू नका, तिथे एक वायर ५ व्होल्ट सप्लायची असते आणि बऱ्याच मशीनवर तो सप्लाय दोनतीन सेन्सरना मिळून एकच असतो, त्यामुळे एका सेन्सरने तो बॉडीला ओढला की बाकीच्यांचेही कोड येतात आणि मग सगळेच सेन्सर 'शॉर्ट' ठरवले जातात.

याच्या जोडीला 'सेन्सर गेला' या प्रयोगाबद्दलही सांगतो, कारण माझ्या मते नुकसान सगळ्यात जास्त तोच करतो. त्यात बिघाड कुठे आहे ते तपासायच्या आधीच ठरवून टाकलेलं असतं. रीडिंग गेलं असेल तर 'रीडिंग गेलं' म्हणा, रीडिंग जायला गंजून हिरवी पडलेली पिनही पुरते. मधूनच येतं-जातं असेल तर (एफएमआय २ मध्ये बऱ्याचदा हेच असतं) 'हलवल्यावर जातं' हे साधं वाक्य कुठल्याही पारिभाषिक शब्दापेक्षा उपयोगी आहे, कारण कुठे हात लावायचा ते त्यातच कळतं. आणि ११० सोबत एफएमआय ० असेल तर तो इलेक्ट्रिकल फॉल्टच नाही, सेन्सर बरोबर सांगतोय, माप खरंच धोक्याच्या वर गेलंय, तेव्हा आधी कूलंट आणि रेडिएटर बघा.

'संवेदक', 'लघुपरिपथ' हे शब्द लेखात छान वाटतात, रिपोर्ट वाचणारा ते वापरत नसेल तर सेन्सर आणि शॉर्टच राहू द्या. मी असं लिहीन: 'कूलंट टेंपरेचरचं रीडिंग येत नव्हतं, कोड ११०-३. कनेक्टरला जंपर लावल्यावरही कोड बदलला नाही. सिग्नलची वायर इंजिनच्या क्लॅम्पजवळ आतून तुटलेली, कव्हर शाबूत. वायर जोडली, क्लॅम्प सरकवला, सेन्सर जुनाच ठेवला.'