दर महिन्याला ५ हजार टाकायचेत, कुठला म्युच्युअल फंड घेऊ?

फंडाचं नाव नंतर बघू, आधी सांगा पैसे परत कधी लागणारेत, कारण सगळं त्यावरच अडतं. पुढच्या वर्षी पोरीची कॉलेजची फी भरायचीय आणि तुम्ही स्मॉल कॅपमध्ये, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या शेअर्सच्या फंडात टाकून बसलात तर नेमकं जूनमध्ये मार्केट आपटतं नि तोट्यात युनिट (फंडातले आपले हिस्से) विकावे लागतात, आमच्या घरी झालंय हे. वर्षभरात लागणारे पैसे लिक्विड फंडात ठेवा, तो ९१ दिवसांपर्यंतच्याच मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे लावतो, फार सुटत नाही पण झोप उडत नाही.

७-८ वर्षं हात लावणार नसाल तर सरळ निफ्टी ५० चा इंडेक्स फंड (निफ्टीतल्या ५० मोठ्या कंपन्यांतच पैसे लावणारा), एसआयपी म्हणजे दर महिन्याचा ठरलेला हप्ता लावा नि विसरा. स्मॉल कॅप म्हणजे मार्केट कॅपमध्ये (कंपनीच्या सगळ्या शेअर्सच्या एकूण बाजारभावात) २५१ व्या नंबरपासून खालच्या कंपन्या, पडतात तेव्हा जाम पडतात, नवख्याने नकोच.

ईएलएसएस, म्हणजे टॅक्स वाचवणारा फंड, फक्त जुन्या टॅक्स रिजिममध्ये असाल तर, आणि त्यात एसआयपीच्या प्रत्येक हप्त्याची पैसे न काढता येण्याची ३ वर्षं वेगळी मोजतात बरं का, हे कोणी आधी सांगत नाही. स्वतः ऑनलाइन करता येत असेल तर डायरेक्ट प्लॅनच घ्या, त्यात मध्ये एजंट नसतो, रेग्युलरमध्ये एजंटचं कमिशन तुमच्याच पैशातून जातं.