वाई लिपी शाळेशिवाय कशी टिकली

तुम्ही विचारलंय की पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात वाई लोक त्यांची वाई भाषा लिहायला वापरतात ती वाई लिपी रोमन किंवा अरबीवरून आली का, आणि शाळेत इंग्रजीच शिकवतात तर ही वाचतं कोण.

पहिल्याचं उत्तर: नाही. साधारण १८३३ च्या सुमारास केप माउंट भागातल्या जोंदू गावच्या मोमोलू दुवालू बुकेले यांनी मित्रांच्या मदतीने ती तयार केली. १८४९ मध्ये जर्मन मिशनरी कोएले त्यांना भेटले, तेव्हा बुकेले यांनी सांगितलं की चिन्हं स्वप्नात दिसली. जाग आल्यावर सगळी आठवेनात, म्हणून उरलेली मित्रांसोबत बसून ठरवली. अमेरिकेतल्या चेरोकी आदिवासींच्या लिपीची गोष्ट कानावर आल्यामुळे हे सुचलं असावं, असाही एक तर्क आहे. तो शक्य वाटतो, पण चिन्हं घडवण्याचं श्रेय त्यामुळे बुकेल्यांकडून काढून घेता येत नाही.

ही अक्षरलिपी आहे, म्हणजे एका चिन्हात अख्खं अक्षर. देवनागरीत 'कि' आणि 'कु' यांत 'क' दिसतो. इथे ती दोन वेगळी चिन्हं, त्यामुळे एकूण संख्या दोनशेच्या वर जाते. मात्र वाई भाषेत जोडाक्षरं जवळपास नाहीत, बहुतेक अक्षरं एक व्यंजन आणि एक स्वर अशीच, म्हणून ही रचना भाषेला नेमकी बसते.

आता वाचण्याबद्दल, कारण मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. जुन्या लिखाणात शब्दांमध्ये जागा सोडत नसत, जशी आपल्या मोडीत सोडत नसत. शिवाय वाई ही सुरांची भाषा, म्हणजे सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, आणि सूर लिहिले जात नाहीत. म्हणून वाचणारा अक्षरं मोठ्याने उच्चारतो, शब्द इथे तुटतो की तिथे हे पुन्हापुन्हा म्हणून पाहतो आणि अर्थ लागला की पुढे जातो. १९७० च्या दशकात सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकल कोल या मानसशास्त्रज्ञांनी वाई लोकांमध्ये राहून याचा अभ्यास केला. लिहिता-वाचता आलं की माणसाची विचारशक्तीच सर्वसाधारणपणे बदलते, हा तेव्हाचा समज त्यांच्या चाचण्यांत टिकला नाही. वाई लिपी जाणणारे सरस ठरले ते ठरावीक कामांत: सुटी अक्षरं ऐकून वाक्य जुळवणं, किंवा एखादा खेळ न पाहिलेल्याला नीट समजावणं. त्यांची लिपी मुख्यतः पत्रांसाठी, आणि पत्र लिहिताना समोर नसलेल्या माणसाला काय सांगावं लागेल हे ओळखावंच लागतं.

ही वाचतं कोण, या तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर असं. सुरुवातीला जोंदूत या लिपीची शाळा उघडली होती, ती लढाईत नष्ट झाली. तरीही लिपी राहिली, कारण भाऊ, मामा, मित्र ती घरीच शिकवत आले. इंग्रजी सरकारी शाळेत, अरबी कुराणाच्या पठणात, आणि वाई पत्रं व घरच्या हिशेबांसाठी. एका अभ्यासकगटाने १८३४ पासूनची चिन्हं ताडून पाहिली. लिहिता लिहिता ती सोपी होत गेलेली त्यांना दिसली. १९६२ मध्ये लायबेरिया विद्यापीठात चिन्हांचं प्रमाणीकरण झालं, २००८ मध्ये ती युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं दाखवण्याच्या जागतिक मानकात, आली.

शिकायचंच असेल तर 'नोटो सान्स वाई' हा मोफत फाँट घ्या. चिन्हांचा तक्ता पाठ करण्याआधी सात स्वर कानाने ओळखायला शिका. विशेषतः उघडा (तोंड जास्त उघडून म्हटलेला) आणि मिटलेला (कमी उघडून म्हटलेला) 'ए', तसेच असेच दोन 'ओ', यांतला फरक पक्का करा. तो कळला नाही तर तक्त्यातले निम्मे रकाने एकसारखेच ऐकू येतील.