जाताना सात तास आणि येताना आठ, असे का?

न्यूयॉर्कहून लंडनला जाताना सुमारे सात तास लागतात, मग परतताना जवळजवळ आठ का, अंतर तर तेवढेच आहे, असा आपला प्रश्न आहे. अंतर खरोखरच तेवढेच आहे. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ते लंडनचा हीथ्रो विमानतळ हे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले सर्वांत कमी अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर भरते.

फरक पडतो तो वाऱ्यामुळे. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा वेगवान झोत वाहतो, आणि विमानाचा ताशी ९०० किलोमीटर हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेतला असतो, जमिनीच्या नव्हे. वारा सरासरी ताशी १०० किलोमीटरचा धरला, तर जाताना जमिनीवरचा वेग १,००० होतो आणि वेळ साडेपाच तास येतो. परतताना तोच वेग ८०० वर उतरतो आणि सुमारे सात तास लागतात. हिवाळ्यात हा झोत अधिक जोर धरतो. वरच्या साडेपाच आणि सात तासांत धावपट्टीपर्यंतची संथ वाटचाल, चढण, उतरण आणि कधीकधी उतरण्यापूर्वीच्या घिरट्या मिळवल्या की वेळापत्रकातला आकडा जुळतो.

तिकिटावरच्या वेळा मात्र सरळ वजा करू नयेत (ही चूक फार जण करतात), कारण त्या त्या-त्या शहराच्या स्थानिक वेळा असतात. संध्याकाळी ७ वाजता निघून सकाळी ७ वाजता पोहोचणारे विमान बारा तास उडत नाही. लंडनचे घड्याळ बहुतेक वर्षभर पाच तास पुढे असल्याने प्रवास सातच तासांचा होतो.