बिशपच्या घराला खंदक कशाला?

प्रश्न : लेकीकडे ब्रिस्टलला गेले होते, तेव्हा वेल्स गावातला बिशपचा वाडा पाहिला. धर्मगुरूच्या घराला तटबंदी आणि खंदक कशासाठी? शिवाय आतल्या मोठ्या दालनाला छप्परच नाही. युद्धात बॉम्ब पडला होता का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, बॉम्ब पडलेला नाही. ते छप्पर माणसांनीच घालवलं. (इतर वाचकांसाठी सांगते, हे वेल्स म्हणजे कार्डिफवालं वेल्स नव्हे. हे इंग्लंडच्या सॉमरसेटमधलं छोटं शहर आहे. त्याचं नाव तिथल्या झऱ्यांवरून पडलं.)

वाड्याची सुरुवात तेराव्या शतकाच्या आरंभी बिशप जोसलिन यांनी केली. तुम्ही पाहिलेलं दालन मात्र रॉबर्ट बर्नेल यांचं, १२७५ ते १२९२ या काळातलं. ते बिशप होतेच, शिवाय राजा पहिला एडवर्ड याचे चान्सलर, म्हणजे मुख्य मंत्रीच. दालन सुमारे ३५ मीटर लांब आणि १८ मीटर रुंद. राजदरबारी वजन असलेल्या माणसाचं घर किती मोठं असायचं, ते तिथे उभं राहिलं की कळतं. सोळाव्या शतकाच्या मध्यावर, धर्मसुधारणेच्या (इंग्लंडचं चर्च पोपपासून वेगळं झालं, त्या काळच्या) धामधुमीत, छपरावरचं शिसं काढून नेलं. शिशाला भाव होता. पत्रा गेला की लाकूड भिजतं, आणि भिजलेलं लाकूड टिकत नाही. जुन्या वास्तूंची दुरुस्ती करण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं, त्यामुळे त्या उघड्या खिडक्यांपुढे मला फार वाईट वाटलं. त्याहून वाईट म्हणजे, १८२०च्या दशकात बिशप लॉ यांनी उरलेल्या काही भिंतीही पाडल्या. भग्नावशेष बागेत देखणा दिसावा म्हणून!

आता खंदक. तो आणि तट चौदाव्या शतकात बिशप राल्फ यांनी बांधले. करांवरून गावाशी त्यांचं बिनसलं होतं. त्यामुळे परक्या फौजेपेक्षा स्वतःच्याच गावकऱ्यांचा धसका त्यांना जास्त असावा. दिमाखाचाही भाग असेलच. खंदकात पाणी आलं ते वाड्याच्या आवारातल्या झऱ्यांचं.

त्याच झऱ्यांचं पाणी शंभरेक वर्षांनी, १४५१मध्ये, बिशप बेकिंग्टन यांनी नळातून गावाला दिलं. बदल्यात गावकऱ्यांनी दरवर्षी त्यांच्या कबरीपाशी येऊन त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, एवढंच मागणं. ज्या पाण्याने एका बिशपने गावाला बाहेर ठेवलं, तेच दुसऱ्याने गावाच्या दारात नेलं. मला या वाड्यात सगळ्यात प्रिय गोष्ट हीच.

पुढच्या खेपेला जाल तेव्हा खंदकातल्या राजहंसांना बघून लगेच परतू नका. हाय स्ट्रीटवर रस्त्याच्या कडेला दगडी पन्हळ आहे. तिच्यात अजूनही पाणी खळखळतं. मी फेब्रुवारीत त्यात हात घातला होता. बोटं बधिर झाली, पण काढवेना.