ओव्हन नाही, अंडं चालत नाही, मग वाढदिवसाचा चॉकलेट केक घरी कसा करायचा?

अगदी होतो की, आमच्या बेळगावच्या घरात आजीपासून कुकरमधलाच केक कापतोय. सव्वा कप मैदा, पाव कप कोको, 1 चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा दोनदा चाळा, दुसरीकडं 1 कप आंबट दही, 1 कप पिठीसाखर, अर्धा कप तेल फेटा आणि मग सगळं हलक्या हातानं एकत्र करा, घट्ट वाटलं तर थोडं दूध. दही आंबटच पायजे, त्यातल्या आम्लानं सोड्याचा गॅस होतो आणि केक फुगतो, म्हणून मिश्रण झालं की लगेच भांड्यात ओता. आमच्याकडं पावसाळ्यात दही लवकर आंबत नाही, आदल्या दिवशीच बाहेर ठेवा. कुकरात मीठ पसरून आधीच 10 मिनिटं तापवून ठेवा, शिट्टी आणि रिंग काढायचीच, मग भांडं आत ठेवून मंद गॅसवर 40-45 मिनिटं. वरून कुंदा, म्हणजे आमची बेळगावची आटवलेल्या दुधाची मिठाई, लावला तर क्रीम कशाला हवं!