आगगाडीला स्टिअरिंग का नसतं? आणि आणखी सहा प्रश्न

वाहतूक, संदेशवहन आणि अवकाश या विषयांवर पहिली ते चौथीच्या मुलांनी, त्यांच्या पालकांनी आणि शिक्षकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी सात इथे घेतले आहेत. एका शब्दात संपणारे प्रश्न बाजूला ठेवले. ज्यांत ‘का’ आणि ‘कसं’ आहे, किंवा ज्यांचं चुकीचं उत्तरच जास्त पाठ झालेलं आहे, ते निवडले.

प्रश्न : बसला स्टिअरिंग असतं, सायकलला हँडल असतं. आगगाडीच्या ड्रायव्हरकडे दोन्ही नाही, मग गाडी वळते कशी? (इयत्ता तिसरी)

रूळ वळतात म्हणून गाडी वळते, हे झालं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं चाकाच्या आकारात आहे. रुळावर टेकणारा चाकाचा भाग सपाट दिसतो, पण तो किंचित उतरता असतो. आतल्या बाजूला घेर थोडा मोठा, बाहेरच्या बाजूला थोडा लहान. शिवाय डावं आणि उजवं चाक एकाच जाड आसावर घट्ट बसवलेलं असतं, म्हणून दोघांचे फेरे नेहमी सारखेच होतात.

आता गाडी उजवीकडे वळते आहे असं समज. चाकांची जोडी सरळच जाऊ बघते, त्यामुळे ती जराशी डावीकडे सरकते. डावं चाक आपल्या मोठ्या घेरावर येतं, उजवं लहान घेरावर. एका फेऱ्यात डावं चाक जास्त अंतर कापतं, उजवं कमी, आणि जोडी आपोआप उजवीकडे वळते. वळणावर बाहेरचा रूळ लांब असतो, त्याचा हिशेबही यातच चुकता होतो.

चाकाला आतून एक उंच कड असते. गाडी तिच्यामुळेच रुळावर राहते असं पुष्कळांना वाटतं, पण ती शेवटचा आधार आहे. हलक्या वळणावर ती रुळाला लागतही नाही. तीव्र वळणावर चाकं घसरतात आणि कड घासते, तेव्हाच तो किंचाळल्यासारखा आवाज येतो.

करून बघ. दोन कागदी कप तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीने जोड. दोन सरळ लांब काठ्या १० ते १२ सेंटिमीटर अंतरावर समांतर ठेव आणि एका टोकाखाली एक पातळ पुस्तक सरकव. कपांची जोडी त्यावर सोडली की ती डुलत डुलत, पण रुळावरूनच खाली येते. मग दुसरे दोन कप बुडाला बूड लावून जोड. ही जोडी लगेच बाहेर पडते, कारण तिचा मोठा घेर बाहेरच्या बाजूला आहे आणि सरकली की ती आणखीच चुकीच्या दिशेला वळते. पहिली जोडीही पडत असेल, तर कप तिरपे जोडले गेलेत किंवा उतार जास्त झालाय.

एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जायचं असेल तर तिथे सांधा असतो, म्हणजे सरकणारे निमुळते रूळ. तो ड्रायव्हर हलवत नाही. सिग्नलची व्यवस्था सांभाळणारी माणसं तो बदलतात.

प्रश्न : रुळांखाली खडी का टाकतात? नदीतले गोटे का नाही? (इयत्ता चौथी)

गोटे गुळगुळीत असतात, भार आला की एकमेकांवरून घसरतात. फोडलेल्या खडीला धारदार कोपरे असतात, ते एकमेकांत अडकून बसतात आणि स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे ठोकळे, जागचे हलत नाहीत. खडी गाडीचा भार जमिनीवर पसरवते, धक्के पचवते आणि पावसाचं पाणी खाली जाऊ देते. खडीत माती भरली की पाणी साचतं, रूळ एखाद्या ठिकाणी खचतात. म्हणून ती वेळोवेळी यंत्राने काढून चाळतात आणि परत ठोकून बसवतात.

प्रश्न : विमानातल्या ब्लॅक बॉक्सचा रंग कोणता? (इयत्ता दुसरी)

भडक नारिंगी, अपघातानंतर अवशेषांत चटकन दिसावा म्हणून. आणि बहुतेक मोठ्या विमानांत पेटी एक नसून दोन असतात. एकीत वैमानिकांच्या कक्षातले आवाज साठतात, दुसरीत उंची, वेग, दिशा अशा नोंदी. आतला भाग १,१०० अंश सेल्सिअसच्या आगीत तासभर टिकेल असा बनवलेला असतो. पेटी पाण्यात पडली की तिला जोडलेलं यंत्र दर सेकंदाला एक ठोका देतं. तो माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, खास उपकरणाने शोधावा लागतो.

प्रश्न : कागदी कप आणि दोरा वापरून फोन केला, पण काहीच ऐकू येत नाही. काय चुकलं? (इयत्ता तिसरी)

आधी बरोबर कृती बघू. दोन कागदी कप, आठ-दहा मीटर बारीक सुती दोरा आणि टूथपिकचे एकेक सेंटिमीटरचे दोन तुकडे घे. कपाच्या बुडाच्या मधोमध सुईने भोक पाडायला मोठ्यांना सांग. भोक दोऱ्याइतकंच हवं. दोरा बाहेरून आत ओवून आतल्या टोकाला टूथपिकचा तुकडा बांध, म्हणजे ओढलं तरी गाठ निसटणार नाही. एकाने बोलायचं, दुसऱ्याने कप कानाला लावायचा.

तू बोललास की कपाचं बूड थरथरतं, ती थरथर दोऱ्यातून पलीकडे जाते आणि तिथलं बूड तशीच थरथर हवेला देतं. एवढं ध्यानात घेतलं की चूक शोधता येते.

दोरा सैल असेल तर थरथर वाटेतच विरते. सगळ्यांत जास्त वेळा हेच होतं, म्हणून दोघांनी दोरा ताठ होईपर्यंत मागे सरायचं. पण इतकंही नाही की कपाचं बूड फाटेल. दोरा दाराला, भिंतीला किंवा कुणाच्या बोटाला टेकला तरी आवाज तिथेच मरतो. कोपऱ्यावरून वळवायचाच असेल तर दुसऱ्या दोऱ्याचा फास टांगून त्यातून न्यावा. कप कडेजवळ धरायचा, बुडाला हात लावायचा नाही. लोकरीचा मऊ धागा थरथर गिळून टाकतो, तो नको. जाड प्लॅस्टिकच्या ग्लासाचं बूड हलतच नाही, तोही नको.

आणखी एक गंमत, जी पुष्कळ जण तपासतच नाहीत. खोलीत जोरात ओरडलास तर आवाज हवेतूनच पोचतो आणि फोन चालला असं वाटतं. म्हणून हळू बोल, आणि मधेच तिसऱ्याला दोरा चिमटीत धरायला सांग. आवाज बंद झाला तरच तो दोऱ्यातून येत होता.

प्रश्न : परदेशातल्या मामाशी मोबाइलवर बोलतो तेव्हा आवाज उपग्रहातून जातो, असं मी मुलीला सांगितलं. बरोबर ना? (एक पालक)

बहुतेक वेळा नाही. मोबाइल बिनतारी असतो तो फक्त जवळच्या टॉवरपर्यंत. तिथपर्यंत रेडिओ लहरी जातात. पुढे आवाज बहुधा केसासारख्या बारीक काचेच्या तंतूंतून, प्रकाशाच्या रूपात धावतो आणि समुद्राच्या तळावर टाकलेल्या केबलमधून दुसऱ्या खंडात पोचतो. खोल समुद्रात ही केबल बागेत पाणी घालायच्या नळीएवढीच जाड असते. किनाऱ्याजवळ मात्र तिच्यावर पोलादी तारांचं कवच चढवतात, कारण जहाजांचे नांगर आणि मासेमारीची जाळी तिला तोडतात.

उपग्रह का नको, हे मुलीला गणितातून दाखवता येईल. टीव्हीचे बरेचसे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. वर जाऊन खाली यायचे झाले ७२,०००. रेडिओ लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात, तरी पाव सेकंद गेलाच. उत्तर यायला आणखी पाव. बोलताना तेवढी अडखळही खटकते.

अटलांटिक महासागराखालून पहिली तार १८५८ साली टाकली गेली. इंग्लंडच्या राणीचा ९८ शब्दांचा संदेश पोचायला सुमारे १६ तास लागले. काही आठवड्यांतच ती तार बंद पडली, कारण तिच्यात प्रमाणाबाहेर दाबाची वीज सोडली गेली आणि आवरण टिकलं नाही. टिकाऊ तार १८६६ साली जोडली गेली.

प्रश्न : चंद्रावरून चीनची भिंत दिसते का? (इयत्ता चौथी)

नाही. भिंत लांब आहे, पण नुसत्या डोळ्यांना दिसायला रुंदी लागते, आणि ती आहे जेमतेम पाच-सहा मीटर. रंगही आजूबाजूच्या मातीसारखा. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर आहे, ते सोडूनच दे. अंतराळ स्थानकाच्या उंचीवरून, म्हणजे ४०० किलोमीटरवरून ती बघणं म्हणजे मिलिमीटरभर जाडीची काडी साठ-सत्तर मीटरवरून शोधणं. २००३ साली अवकाशात गेलेले चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई यांनीही ती दिसली नाही असंच सांगितलं.

प्रश्न : ‘अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण नसते’ हे वाक्य बरोबर की चूक? मुलांना काय सांगू? (एक शिक्षिका)

चूक. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असते. ती नसती तर स्थानक सरळ रेषेत निघून गेलं असतं.

अंतराळवीर तरंगतात, कारण स्थानक आणि ते स्वतः एकत्रच पडत असतात. एका सेकंदात स्थानक चार मीटरांहून थोडं जास्त खाली पडतं, पण तेवढ्यात साडेसात किलोमीटरांहून अधिक पुढेही जातं. आणि पृथ्वी गोल असल्यामुळे तेवढ्या अंतरात तिचा पृष्ठभागही तेवढाच खाली वळलेला असतो. म्हणून पडणं चालू राहतं, आपटणं कधी होत नाही. एक फेरी साधारण ९० मिनिटांत होते, म्हणजे दिवसातून १६ वेळा सूर्योदय. तिथे अगदी विरळ हवा असते, तिच्या घर्षणाने स्थानक हळूहळू खाली येतं, म्हणून अधूनमधून इंजिन चालवून त्याला वर ढकलतात.

वर्गाबाहेर हा प्रयोग करा. प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ पेन्सिलीच्या टोकाएवढं भोक पाडा, बोटाने दाबून पाणी भरा, बोट काढा. धार लागेल. आता बाटली उंचावरून बादलीत सोडा. पडत असताना धार थांबते, कारण पाणी आणि बाटली एकाच वेगाने पडतात आणि पाण्याचा भोकावर दाब उरत नाही. मुलांनी भोकाकडे बघायचं, बादलीकडे नाही, नाहीतर अर्ध्या सेकंदात सगळं हुकतं. मोबाइलवर संथ गतीत चित्रण केलं तर उत्तम. बूच मात्र काढूनच ठेवा. ते घट्ट लावलेलं असेल तर धार आधीच थांबलेली असते आणि प्रयोगातून काहीच दिसत नाही.