ल्युसर्नला दोन तास नको, दोन रात्री द्या

आईबाबांना घेऊन निघालाय आणि स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला दोन तास पुरतील का, असं विचारलंय तुम्ही. नाही पुरणार. तेवढ्यात लाकडी पूल आणि दगडात कोरलेला सिंह उरकतो, बाकीचा वेळ घड्याळांच्या दुकानात जातो. या गावात मी नऊ वर्षं काढली आहेत, म्हणून आग्रहाने सांगते, दोन रात्री राहा. त्यात मंगळवारची किंवा शनिवारची सकाळ यायला हवी, कारण तेव्हा रॉइस नदीच्या काठावर बाजार भरतो. फुलं, चीज, ताजी भाजी. आई तिथून लवकर हलणार नाहीत.

कापेलब्रुके, म्हणजे तो प्रसिद्ध पूल, 14व्या शतकातला. 18 ऑगस्ट 1993च्या आगीत त्याच्या छताखालची बहुतेक जुनी त्रिकोणी चित्रं गेली. चालताना वर बघा, मधल्या काही जागा रिकाम्या दिसतील.

नदीच्या काठाने थोडं खाली गेलात की श्प्रॉयरब्रुके हा दुसरा छप्पर असलेला पूल लागतो. त्याच्याजवळचा बंधारा मला या गावात सगळ्यात प्रिय. 1859-60 मध्ये बांधलेला. लांब लाकडी फळ्या एकीला एक लावून पाण्यात उभ्या केलेल्या असतात. गावालगतच्या सरोवराचं पाणी चढलं की माणसं वर उभी राहून एकेक फळी हाताने उपसतात, उतरलं की परत बसवतात. फळी निघाली की तोवर शांत असलेलं हिरवं पाणी त्या फटीतून पांढरंफेक होऊन सुटतं. मी कितीदा तरी तिथे उभी राहून ऑफिसला उशीर केलाय.

गावाच्या जुन्या म्युझेग तटबंदीला नऊ बुरूज आहेत. त्यातल्या झ्युटटुर्म या बुरुजावरचं 1535चं घड्याळ गावातल्या इतर घड्याळांच्या एक मिनिट आधी ठोके देतं, हा त्याचा जुना मान. तबकडी एवढी मोठी, की सरोवरातल्या कोळ्यांना वेळ दिसावी. जिने मात्र लाकडी आणि उभे आहेत. बाबांचे गुडघे दुखत असतील तर खालूनच ठोके ऐका. हिवाळ्यात बुरूज बंद असतात.

हॉटेलातून पाहुण्यांचं कार्ड न विसरता घ्या, शहरातली बस त्यावर फुकट आहे. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, स्टेशनातली उघडी मिळतात. शाकाहारी असाल तर एल्प्लरमाग्रोनेन मागवा: मॅकरोनी, बटाटा, चीज, सोबत सफरचंदाची चटणी. पण ‘श्पेक नको’ हे आधी सांगा, बऱ्याच ठिकाणी डुकराचं मांस घालतात.

दुसऱ्या दिवशी सरोवरात जुन्या वाफेच्या बोटीने जा. त्यातली ‘उरी’ ही बोट 1901ची आहे. डेकवरून खाली इंजिन दिसतं, तेलाने चकाकणारे दांडे वरखाली होत असतात. बाबांना तिथेच जागा धरून द्या.